बांधून ठेवलेली पोथी

(ज्ञातिमंडळाच्या मेडशी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांचे निमंत्रणपत्र आले, त्यात आमच्यासाठी विषयही नेमून दिला होता : ‘आपल्या ज्ञातीची उज्ज्वल परंपरा’. विषय थोर आहे. प्रत्येक संमेलनात कोणीतरी तो हाताळीत आले आहे आणि आम्हीही तो दोन वेळा हाताळला आहे. यंदा मात्र त्यास हात घालण्यास मन धजेना. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथकाराने मूर्खांची एक लांबलचक यादी करून ठेवली आहे, आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा मनुष्य त्या यादीत अगदी आरंभीच्याच मंडळींत बसविला आहे. त्याच कडव्यात स्वतःची स्तुती स्वतःच करणाराही आहे. म्हणजे आमच्या मागील दोन्ही भाषणांची वासलात एकाच ओवीत लागली! तेव्हा चिटणिसांची क्षमा मागून आम्ही विषय बदलला आहे, आणि ज्याने आमची ही फजिती केली त्या ग्रंथकाराविषयीच आज चार शब्द बोलणार आहोत.

ग्रंथ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. निदान त्याचे बाह्यांग तरी परिचयाचे आहे. तांबड्या फडक्यात बांधलेला, देवघरातील फळीवर ठेवलेला, दसऱ्याला गंधफूल वाहिलेला दासबोध कित्येक घरांत असेल. त्याचे कर्ते समर्थ रामदास. त्यांचा जन्म शके १५३० म्हणजे इसवी सन १६०८ मधला, जन्मगाव गोदातीरीचे जांब, म्हणजे हल्लीच्या जालना जिल्ह्यातले. सज्जनगडावर देह ठेवला तो शके १६०३ मध्ये. ही माहिती शाळेत पाठ केलेली असते. परंतु हा ग्रंथ वाचताना मनुष्यास हसू येते, मोठ्याने येते, आणि पुष्कळदा ते स्वतःचेच येते, ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. आम्हांसही कोणी सांगितली नव्हती. ती कळावयास वयाची साठी ओलांडावी लागली.

आत्ताच भोजने झाली आहेत. वाढपी मंडळींनी आग्रहात कसूर केलेली नाही, आणि समोरच्या दोन-तीन रांगांतील पापण्या जड होऊ लागलेल्या आम्हांस येथून स्पष्ट दिसतात. त्या सद्गृहस्थांनी मुळीच संकोच करू नये. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक संपूर्ण समास आहे. कोणी घोरतो, कोणी हातपाय झाडतो, कोणी दात करकरा खातो, कोणाचे मुंडासे गडगडत जाते. शंभर माणसे एकत्र निजलेली ज्याने धर्मशाळेत किंवा मठात पुष्कळदा पाहिली, त्याच माणसास हे लिहिता येईल. आणि पुढचा समास कशावर, तर वाईट श्रोत्यांच्या लक्षणांवर! निरूपणकारास श्रोत्यांचा काय अनुभव आला असेल तो त्या क्रमावरून ओळखावा. आम्ही याहून अधिक बोलत नाही.

सांगण्याचे तात्पर्य, हे ओवीबद्ध निबंधच आहेत. फ्रान्स देशात मोंतेन नावाचा एक जमीनदार गृहस्थ होऊन गेला. त्याने १५८० साली आपल्या मनातील नाना विचारांचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि निबंध या प्रकाराचा आरंभ तेथून झाला असे इंग्रजी शिकलेले लोक सांगतात. त्यानंतर १५९७ मध्ये इंग्लंडात बेकनने आपले निबंध छापले. मोंतेनने निद्रेवर लिहिले आहे, सुवासांवर लिहिले आहे, इतकेच काय हाताच्या अंगठ्यावरही लिहिले आहे. समर्थ त्यांच्या मागून आले. त्यांस या दोघांची वार्ता असणे शक्य नव्हते. परंतु वीस दशक आणि प्रत्येकी दहा समास अशा दोनशे समासांपैकी कित्येक असे आहेत की एक साधा विषय घ्यावा, तो चहूबाजूंनी न्याहाळावा, माणसांच्या खोडी टिपाव्या आणि पाहिलेले सरळ सांगून मोकळे व्हावे. माणूस लिहितो कसा, निजतो कसा, भांडतो कसा, कर्जात बुडतो कसा! त्यात परमार्थ आहेच, तो मुख्य आहे, आणि त्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही प्रपंचाच्या पानांवरच थांबणारे वाचक.

मराठीत विनोदी लेखनाचा पाया श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी घातला असे मानतात. ते आपल्याच वऱ्हाडात, खामगावास आणि जळगाव-जामोदास वकिली करीत होते, म्हणून आम्हां वऱ्हाडकरांस त्याचा अभिमान वाटतो आणि तो योग्यही आहे. परंतु त्यांच्या सुदाम्याने पोहे आणले त्याच्या सव्वादोनशे-अडीचशे वर्षे आधी कोणीतरी चूल पेटवून ठेवली होती, हेही विसरू नये.

आता आमच्या घरातील पोथीची हकीकत सांगतो, कारण हे सारे बोलणे तिच्यापासूनच निघाले.

आमचे बालपण येथे मेडशीस गेले. पातूर सोडले की घाट लागतो, घाट चढून आले की मेडशी. त्या घाटातील झाडी तेव्हा फार दाट होती आणि अकोल्याहून येणारी मोटार संध्याकाळी पोहोचली म्हणजे मुलांस उत्सव वाटे. वडील दिवेलागणीनंतर ओसरीवर बसून रोज एक समास वाचीत. आम्हां भावंडांस हा अर्धा तास शिक्षेसारखा वाटे. मांडी मोडावयाची नाही, जांभई द्यावयाची नाही. वाचता वाचता वडील मध्येच थांबत, कानामागची पेन्सिल काढून समासात, म्हणजे पानाच्या कोऱ्या कडेला, काही खरडीत आणि मिशीत हसत. ते कशास हसतात हे विचारण्याची आमची छाती नव्हती. खरडलेले मोडीत असे. मोडी आम्हांस येत नव्हती.

१९८७ साली वडील गेले. पोथी आमच्या वाट्यास आली. वाट्यास आली म्हणण्यापेक्षा दुसऱ्या कोणास नको होती म्हणावे. आम्ही ती अकोल्यास नेली, नवे फडके आणले, नीट घडी घालून बांधली आणि देवघरात ठेवली. त्यानंतर कित्येक वर्षे तिला दसऱ्याच्या दसऱ्यास फूल मिळत गेले. एकदा वाशीमच्या एका नातलगाने पारायणासाठी मागितली, तेव्हा ‘वडिलांची आठवण आहे, बाहेर देत नाही’ असे आम्ही कळविले. उत्तर देताना आपण मोठे पितृभक्त आहोत असा गोड समज मनात होता.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर एके दुपारी वेळ जाईना, म्हणून गाठ सोडली. दुसऱ्या दशकाचा पहिला समास उघडला. मूर्खलक्षणांची ती यादी वाचू लागलो आणि प्रथम अर्थातच इतरांची नावे आठवू लागली. दोघे बोलत बसले असता तिसरा जाऊन मध्येच बसतो आणि दोन्ही हातांनी डोके खाजवतो : हे आमचे एक जुने सहकारी! घरच्यांवर दात-ओठ खातो आणि बाहेर गरीब गाय होतो : हे आमच्या ओळखीचे निदान सहा जण. दुखणे असून औषध घेत नाही, पथ्य तर पाळीतच नाही : येथे आमच्या कुटुंबाने स्वयंपाकघरातून मोठ्याने आमचेच नाव घेतले, कारण आम्ही मोठ्याने वाचीत होतो. स्त्रीच्या ताब्यात वागणाऱ्यासही त्या यादीत जागा आहे असे आम्ही तिला प्रत्युत्तरादाखल दाखविले. त्यावर ती म्हणाली, ‘लिहिणाऱ्यांचा स्वतःचा संसार कुठे होता?’ भगिनींनो, या ग्रंथात स्त्रियांविषयी जे काही आहे ते सर्वच आज मान्य होण्याजोगे नाही, आणि आम्ही त्याची वकिली करीत नाही. तिचा प्रश्न आम्हांस बिनतोड वाटला.

असो. हसत हसत यादीच्या शेवटास आलो. तेथे ग्रंथकार पुस्तकांकडे वळतो. अक्षरे गाळून वाचणारा मूर्ख, पदरची अक्षरे घालून वाचणारा मूर्ख, पुस्तकाची निगा न राखणारा मूर्ख. येथपर्यंत आम्ही निश्चिंत होतो. निगा तर आम्ही उत्तम राखली होती. त्यानंतरचा मूर्ख कोण? जो स्वतः कधी वाचीत नाही, दुसऱ्या कोणास वाचावयास देत नाही, आणि पुस्तक नुसते बांधून ठेवतो तो!

सुटलेले फडके आमच्या मांडीवर पडले होते. वाशीमच्या नातलगास पाठविलेले पत्र आठवले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मनुष्याने आमच्या देवघरात डोकावून पाहिल्यासारखे झाले, आणि आम्ही एकटेच इतके हसलो की कुटुंब हात पुशीत बाहेर आले. आमच्या मते या लेखकाची खुबी हीच आहे. दुसऱ्यास ओळखून हसविता हसविता तो आपणांस खाली उतरवीत नेतो आणि शेवटच्या पायरीवर आरसा ठेवतो.

आता त्या मोडी टिपणांविषयी. वडिलांनी गावच्या लोकांची नावे लिहिली असणार अशी आमची खात्री होती आणि ती कळावी अशी उत्सुकताही होती. ही उत्सुकता कोणत्या लक्षणात मोडते ते श्रोत्यांनी ठरवावे. मोडी उत्तम वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे आम्ही पोथी घेऊन गेलो. काही ठिकाणी खरोखरच नावे निघाली, ती येथे सांगत नाही. त्यांचे नातू समोर बसले आहेत. जिवलगांस दुखवितो, त्यांस सुखाचा एक शब्दही देत नाही, आणि हलक्या माणसांपुढे मात्र वाकतो असा एक मूर्ख सांगितला आहे. त्याच्या कडेला काकांचे नाव होते. ते खोडले होते, आणि खाली निराळ्या वेळी लिहिलेला एकच शब्द होता : ‘उभयतां’.

गावातील जुन्या मंडळींस याचा अर्थ सांगावयास नको. आमचे वडील आणि काका एका धुऱ्यावरून तुटले. दोन शेतांमधला धुरा नांगराची दोन तासे इकडे की तिकडे, एवढाच तो वाद. १९७२ चा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी तो सुरू झाला. दुष्काळात त्या धुऱ्याच्या दोन्ही बाजूंस काडी उगवली नाही, तरी वाद तेवढा हिरवा राहिला. दोन घरांची जेवणे तुटली, मग बोलणे तुटले, मग सुतकापुरते जाणे-येणे उरले. गावाने काय केले? पाहिले. आणि आम्ही काय केले? आम्ही शिकलेले, अकोल्यास नोकरीत, दोन्ही बाजूंस मान असलेले, आम्हीही पाहिले. भांडण चालले असता उभे राहून गंमत पाहणारा आणि ते न सोडविणारा मनुष्य त्याच समासात आहे. त्याच्या कडेला काही लिहिलेले नव्हते. तेथे आमचे नाव वडिलांनी लिहिले असते तर आम्हांस राग आला नसता. त्यांनी ते लिहिले नाही, हे मात्र आजही टोचते.

‘उभयतां’ हा शब्द वडिलांनी कधी लिहिला हे कळावयास मार्ग नाही. लिहिल्यावर ते काकांकडे गेले नाहीत एवढे खरे. काका १९९४ साली गेले. उत्तम कळूनही मनुष्य तसे वागत नाही, यासाठी समर्थांनी दुसऱ्याच दशकाच्या शेवटी ‘पढतमूर्ख’ म्हणून वेगळा समास लिहिला आहे. ग्रंथ समूळ न पाहता उगाच दूषण ठेवणाराही त्यातच आहे. पहिल्या यादीतून जो सुटला तो दुसरीत सापडतो. आमचे वडील दोन्ही याद्या रोज वाचणारे होते, आणि आमचे त्यांच्यावर प्रेम होते, म्हणून हे बोलण्याचे धैर्य करतो.

विषय थोडा जड झाला. तेव्हा तिसऱ्या दशकातील एक प्रसंग सांगतो. कुटुंब वाढले, पैसा आटला, म्हणून घरचा कर्ता पुरुष परदेशी कमावण्यास जातो. हाल सोसून, गाठीस पैसा बांधून परत येतो. बायको म्हणते, आमचे दैन्य फिटले; आणि तो गाठोडे तिच्या हाती देतो. पोरांस आनंद होतो की वडील आले, अंगरखे-टोप्या आल्या! हा आनंद किती दिवस? चार दिवस. मग घरात कुजबूज सुरू होते. हे आणलेले संपले म्हणजे आपले हाल कुत्रा खाणार नाही. तेव्हा आणलेले येथेच असू द्यावे, यांनी पुन्हा परदेशास जावे, आणि आपण हे खाऊन संपविण्याच्या आत आणखी घेऊन यावे!

येथे तरुण मंडळी हसली, त्यांत पुण्याहून आणि आखाती देशांतून सुटीवर आलेले किती आहेत ते आम्ही मोजले आहे. दिवाळीस घरी आल्यावर पाचव्या दिवशी ‘परत कधी जाणार?’ हा प्रश्न कोणत्या सुरात विचारला जातो, ते त्यांस ठाऊक आहे. मोबाइल संचातून रोज मुखदर्शन होते, पैसेही त्यातूनच क्षणात येतात, परंतु अंगरखे-टोप्यांचे अर्थशास्त्र तेच राहिले आहे. ग्रंथकार येथे कोणास शिव्या देत नाही. सगळेच सुखाचे सोयरे आहेत म्हणतो आणि पुढे जातो. आम्ही स्वतः अकोल्याहून महिन्याच्या महिन्यास येथे पैसे धाडीत होतो, तेव्हा हे वाचले असते तर आमच्या आईचा आम्हांस एकदा राग आला होता तो आला नसता. ती बिचारी दुसरे काय म्हणणार होती!

एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनावर समास आहे, तो शिक्षकबंधूंनी अवश्य पाहावा. अक्षर वाटोळे, सुटे, काळेभोर असावे; पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत यावे, जणू सारे एकाच टाकाने लिहिले. समर्थांचे लेखक कल्याणस्वामी. त्यांच्या हातची डोमगाव मठातील प्रत मिळवून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ साली दासबोध छापला, म्हणजे या उपदेशाचा उपयोग सव्वादोनशे वर्षांनंतरही झाला. परंतु आम्हांस त्या समासात आवडते ते निराळेच. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते कामास येत नाही! आमच्या विशीतील रोजनिशा आमच्यापाशी आहेत. कागद वाचविण्यासाठी मोहरीएवढ्या अक्षरांत लिहिल्या होत्या. आता भिंग घेऊनही त्यांत आम्ही काय लिहिले ते आम्हांसच लागत नाही. त्यात शहाणपण काही नसावे असा विश्वास धरून बसलो आहोत.

गेल्या वर्षी पोथी घेऊन आम्ही मेडशीस आलो आणि पुष्कळ वर्षांनी काकांच्या घरची पायरी चढलो. चुलतभाऊ घरी होता. तो पान दाखविले. मोडी त्यासही येत नाही. आम्ही वाचून दाखविले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारले, ‘दादा, उभयतां म्हणजे दोघंही, नाही का?’ आम्ही होय म्हटले. काकू नव्वदीच्या पुढे आहेत, त्यांस ऐकू कमी येते. काय चालले आहे ते त्यांनी दोनदा विचारले आणि मग चहा ठेवावयास सांगितला. आम्ही लवकर उठलो नाही.

धुरा आहे तेथेच आहे. मोजणीचा अर्ज मात्र दोघांच्या सह्यांनी एकत्र दिला आहे, आणि मोजणी कोणाच्याही बाजूने निघाली तरी खर्च निम्मा-निम्मा असे ठरले आहे. चुलतभाऊ समोरच बसला आहे. हे सांगण्याची परवानगी त्याच्याकडून सकाळीच घेतली.

पोथी आम्ही आज बरोबर आणली आहे. मंडपाच्या दाराशी वर्गणीची वही आहे तिच्या शेजारी ठेवली आहे. फडके घरीच राहू दिले आहे. ज्या घरास वाचावयाची असेल त्याने वहीत नाव लिहून महिनाभर न्यावी आणि पुढच्या घरी पोहोचती करावी. पानांच्या कडेला अजून बरीच जागा कोरी आहे. पेन्सिल पोथीतच आहे.